पावसाळा लागल्यापासून मेटलवरून सिरॅमिक सुटतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमळनेरला माझी छोटी डेंटल लॅब आहे, दोन माणसांची. मेटल-सिरॅमिकच्या, म्हणजे आत धातू आणि वर सिरॅमिक अशा दातांच्या कॅपा नऊ वर्षं करतोय. मृग लागल्यापासून तीन परत आल्या, आणि काल चौथी माझ्याच हातात गेली. ग्लेझ करून काढली, मॉडेलवर बसवताना गालाकडचा टवका उडाला, ओपेकसकट (ओपेक म्हणजे मेटलचा रंग झाकणारा सिरॅमिकचा पहिला थर). खाली मेटल उघडं, करडं, नखाला गुळगुळीत लागतंय. टवका भिंगाखाली धरला तर ओपेकमध्ये कडेला टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे.

मेटल निकेल-क्रोमियम. कार्बाइड बरने एकाच दिशेने घासतो, ११० मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाने सँडब्लास्ट (हवेच्या दाबाने रेतीचा मारा), स्टीम, ९८० अंशांवर ऑक्सिडेशन (मेटलवर ऑक्साइडचा पातळ थर आणणं), पुन्हा हलका ब्लास्ट, स्टीम, मग ओपेकचे दोन हात. यातलं काहीच बदललेलं नाही. हल्ली रेती नळीतून जरा ठसकत येते, एवढंच.

एक कबूल करतो. दुसरी कॅप परत आल्यावर ऑक्सिडेशनला वेळ वाढवला. ऑक्साइडच सिरॅमिकला धरतो ना, मग जास्त काळं ते जास्त घट्ट, असा माझा हिशेब. आधी व्होल्टेजवर संशय होता, पण भट्टी कमी तापली असती तर ओपेक कच्चा दिसला असता.

डॉक्टर म्हणतात, "भाऊ, झिर्कोनियाच द्या." शेतमजुराला ती बिनमेटलची महाग कॅप कुठून परवडायची?

चोपडेकर: भाऊ, वाढवलेला वेळ आधी कमी करा. निकेल-क्रोमियम आपणहूनच भरपूर ऑक्साइड धरतं, आणि थर जाड झाला की तोच फाटतो. सोन्याचं उलटं. सोन्यावर ऑक्साइड येत नाही, म्हणून सिरॅमिकच्या सोन्यात कथील, इंडियम मिसळतात. जळगावच्या सराफ्यातलं चोख सोनं घेऊन पेशंट येतो, तेव्हा हेच समजावत बसतो मी. टवक्याच्या पाठीला काळपट-हिरवा पापुद्रा आलाय का?

अमळनेर लॅब: नाही दादा, पांढरीस्वच्छ आहे.

चोपडेकर: मग दोष जाड ऑक्साइडचा नाही. ओपेक लावायच्या आधीच मेटल घाण झालंय.

भुसावळवाला: बुडबुडे, पावसाळा आणि ठसकणारी रेती. कॉम्प्रेसर बघ भो! उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत, पाणी कशाला साचतंय. आता साचतं, त्याबरोबर तेलही येतं, आणि तुझा शेवटचा ब्लास्ट तेच मेटलवर मारतो. ओली रेती कापत नाही, म्हणून गुळगुळीत. पांढऱ्या कागदावर नुसती हवा मार आणि सांग. इन्व्हेस्टमेंट, म्हणजे ओतकामाच्या साच्याचा मसाला, काढायला वापरलेली रेतीच पुन्हा कॅपेला वापरतोस का?

अमळनेर लॅब: टाकीचा खालचा नळ उघडला. चहाच्या रंगाचं पाऊण ग्लास पाणी निघालं, वर तेलाची साय. कागदावर पिवळे ठिपके. आणि हो, रेतीचा डबा एकच आहे, लाज वाटते सांगायला. फिल्टर आणि नवी रेती मागवली. आता या चार कॉपिंग (कॅपेचे आतले मेटलचे सांगाडे) साफ करून परत वापरू की नव्या ओतू?

चोपडेकर: कॅलिपर लावा. घासून ०.३ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर नवी ओता. आणि ब्लास्टनंतर बोट लावू नका, चिमट्यानेच धरा.