वेल्समधली 'अनावश्यक' वस्तूंची बंदी

कोविडच्या काळात वेल्सच्या सरकारने सुपरमार्केटांना 'अनावश्यक' वस्तू विकायला बंदी केली होती. त्यावर तिथल्या लोकांनी उगाच कांगावा केला, असं कुणी कुणी म्हणतं. मला नाही पटत. ऑक्टोबर २०२०च्या १७ दिवसांच्या टाळेबंदीत सुपरमार्केटं उघडी होती, पण कपडे, किटल्या, खेळणी यांचे रॅक प्लास्टिकने झाकलेले. ज्यांना दुकान बंद ठेवावं लागलं त्या छोट्या दुकानदारांवर अन्याय नको, हे सरकारचं कारण रास्तच होतं. पण थंडीच्या तोंडावर लेकराचे कपडे 'अनावश्यक' कसे? (आणि ऑनलाइन तेच सर्रास मिळत होतं, मग छोट्या दुकानदाराच्या पदरात काय पडलं?) विरोधातल्या अर्जावर ६७ हजार सह्या झाल्या. काही दिवसांतच, खरी गरज असेल तर विकायची मुभा सरकारला द्यावी लागली. पण ती गरज ओळखायचं ओझं काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांवर पडलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.