तीन बाळं सांभाळणारीला एक बाळ सांभाळणारीपेक्षा कमी पगार का?

(चर्चा. प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खडूफळा

घरी येऊन एकच मूल सांभाळणाऱ्या नॅनीचा ताशी दर आणि पाळणाघरात तीन-तीन तान्ही सांभाळणाऱ्या ताईचा ताशी पगार शेजारी ठेवले, की बहुतेक ठिकाणी नॅनीचा आकडा वर निघतो. ताईकडून प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र मागतात, बालसंगोपनाचा अभ्यासक्रम मागतात, कोण कधी झोपलं, किती प्यालं, कुठे खरचटलं याच्या नोंदी तपासणीला दाखवाव्या लागतात. नॅनीकडे यातलं काही नसलं तरी काम मिळतं.

माझं मत स्पष्ट आहे: हा अन्याय आहे आणि पाळणाघर चालवणाऱ्यांनी पगार वाढवून तो दूर करायला हवा. फी तर पालकांचं कंबरडं मोडेल एवढी घेतात. मग पैसा जातो कुठे?

वजाबाकी

कुठे जातो ते मांडूनच बघू. चलन बाजूला ठेवा. एका ताईचा वर्षाचा पूर्ण खर्च, म्हणजे पगार अधिक मालकाने भरायच्या निवृत्तिवेतनासारख्या वर्गण्या, १०० धरा. दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक ताई, हे प्रमाण धरा.

पाळणाघर रोज १० तास उघडं, आठवड्याचे ५० तास. ताईची नोकरी ४० तासांची. म्हणजे एक जागा सतत भरलेली ठेवायला सव्वा माणूस लागतो. भरपगारी रजा, आजारपण आणि प्रशिक्षणाचे दिवस यांच्या बदलीसाठी आणखी १२ टक्के धरा. १.२५ गुणिले १.१२, म्हणजे १.४ माणसं. तीन बाळांत वाटली की दर बाळामागे साधारण ४७. हा झाला फक्त त्या खोलीतल्या पगाराचा भाग. तो एकूण खर्चाच्या ७० टक्के धरला (उरलेल्यात भाडं, विमा, स्वयंपाक, सफाई, व्यवस्थापक), तर एका बाळाची फी ६७ च्या घरात जाते. नफा अजून धरलेलाच नाही.

म्हणजे त्याच ताईने स्वतःचं बाळ तिथे ठेवायचं म्हटलं, तर तिच्यावर होणाऱ्या खर्चाचा दोन-तृतीयांश भाग फीतच जाईल. पगार ५० टक्क्यांनी वाढवलात तर फी ३५ टक्क्यांनी वाढेल. ती कोण भरणार?

आणि हे सगळं जागा पूर्ण भरल्या असं धरून. सहा बाळांना दोन ताया पुरतात. सातवं बाळ आलं की तिसरी ताई ठेवावी लागते, पण फी वाढते एकाच बाळाची. आठवं आणि नववं येईपर्यंत ती खोली तोट्यात. त्यात सातव्याचे पालक आठवड्यातले तीनच दिवस मागत असतील तर आणखी पंचाईत, कारण उरलेल्या दोन दिवसांसाठी नेमकं गिऱ्हाईक सापडत नाही.

उंटावरचा शहाणा

वजाबाकी यांच्या हिशेबातच उत्तर आलं की. पाळणाघराची फी शंभर घरांना परवडावी लागते, नॅनीचा पगार एकाच घराला परवडला की पुरे. ते घर तेवढं कमावणारं असतं म्हणून तर नॅनी ठेवतं. शिवाय ताप आलेलं मूल पाळणाघर परत पाठवतं, नॅनी सांभाळते. सकाळी साडेसहाला ती येते, पाळणाघर उघडत नाही. या सोयीचे पैसे आहेत. यात अन्याय कुठून आला?

खडूफळा

सोयीचे पैसे द्या की, कोण नको म्हणतंय! पण मग जबाबदारीचे का नाहीत? एका बाळाचा घास घशात अडकला तर उरलेल्या दोघांवरची नजर कोण ठेवणार, हा प्रश्न नॅनीपुढे येतच नाही.

पगारपत्रक

थांबा. दोघींच्या ताशी दराची तुलनाच गंडलेली आहे. पाळणाघरात मिळतो तो रजेसकटचा पगार. नॅनीला बऱ्याचदा मिळतात ते भरलेल्या तासांचे पैसे.

उदाहरण घ्या. ताईचा दर १००, नॅनीचा १२०. ताईला ५२ आठवडे, ४० तासांप्रमाणे २०८० तासांचा पगार मिळतो. सहा आठवडे सुट्ट्या आणि रजा वगळता प्रत्यक्ष काम १८४० तासांचं. म्हणजे कामाच्या तासामागे ११३. मालकाची निवृत्तिवेतनाची वर्गणी १० टक्के धरली तर १२४.

नॅनीचं कुटुंब सहा आठवडे गावाला गेलं आणि ते आठवडे बिनपगारी गेले, तर तिला ४६ आठवड्यांचे, ५० तासांप्रमाणे पैसे मिळाले. पालक रोज पंधरा मिनिटं उशिरा येतात, त्याचे कोणी देत नाही. आठवड्याचे प्रत्यक्ष तास ५१.२५. दर १२० वरून ११७ वर आला. रोखीत पैसे घेणारीला वर्गणी नाही, आजारपणाची रजा नाही, पगाराचा पुरावा नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही. मूल शाळेत गेलं की नोकरी संपली.

तेव्हा "नॅनीला जास्त मिळतं" हे म्हणण्याआधी लेखी करार आहे का ते विचारा.

वजाबाकी

पगारपत्रक, गणित बरोबर, पण ताईचे फुकटचे तास तुम्ही सोडलेत. खोली उघडायच्या आधी पंधरा मिनिटं गाद्या, खेळणी, पाणी. बंद झाल्यावर पंधरा मिनिटं पुसापुशी आणि रोजच्या नोंदी. हजेरी मात्र खोली उघडल्यापासूनची. आठवड्याला अडीच तास. १२४ ला ४० ने गुणून ४२.५ ने भागा: ११७. तुमच्या नॅनीएवढाच. तोही वर्गणी नियमित भरणारा मालक असेल तर!

उंटावरचा शहाणा

मग एक सोपा उपाय कोणी बोलत का नाही? तीनऐवजी चार बाळं द्या. त्याच फीत ताईच्या जागेमागची कमाई एक-तृतीयांशाने वाढेल, तेवढा पगार वाढवा. इंग्लंडने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी चाराचं प्रमाण पाचावर नेलंच ना?

दुपटं

नेलं, पण दोन वर्षांखालच्यांचं तीनच ठेवलं. का, ते मिनिटांत बघा.

तान्ह्या खोलीत १० तासांचा दिवस म्हणजे ६०० मिनिटं. एका बाळाला चार वेळा पाजणं-भरवणं, दर वेळी २० मिनिटं: ८०. पाच वेळा डायपर बदलणं, हात धुणं आणि गादी पुसणं धरून दर वेळी ७: ३५. दोनदा झोपवणं, १५ प्रमाणे: ३०. एकूण १४५. तीन बाळांचे ४३५, उरतात १६५. त्यात निजलेल्या बाळांचा श्वास ठरावीक मिनिटांनी बघणं, सकाळ-संध्याकाळ पालकांशी बोलणं, नोंदी, आणि बाळाशी जमिनीवर बसून खेळणं. चार बाळांचे झाले ५८०. उरली २० मिनिटं. मग बाटली उशीच्या आधाराने टेकवून ठेवायचा मोह होतो, आणि ते धोक्याचं आहे. दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय आग लागली तर एकटी बाई चार तान्ही एका खेपेत बाहेर कशी काढणार, हेही सांगा.

आणि वाढीव बाळाचे पैसे ताईच्याच हातात पडतील याची हमी कुठाय? प्रमाणाच्या नियमात पगाराचं कलम नसतं. मालक तेवढी फी उतरवून शेजारच्या पाळणाघराची गिऱ्हाइकं ओढेल, किंवा भाडं भरेल.

उंटावरचा शहाणा

माणसं ५८० मिनिटांच्या वेळापत्रकाने काम करत नाहीत. दोन बाळं एकदमच झोपतात.

दुपटं

आणि तीन एकदमच रडतात. दिवसाचा सरासरी हिशेब काम सोपं धरूनच काढलाय. खरी अडचण सकाळी साडेदहाची, तिघं एकाच वेळी भुकेली असतात तेव्हाची.

खडूफळा

बरं, वजाबाकी यांचा हिशेब मान्य केला तर फी आणि पगार एकमेकांना बांधलेले आहेत. मग बाहेरून पैसा आल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे सरकार.

वजाबाकी

हो, पण पैसा कुठून शिरतो यावर सगळं अवलंबून आहे. पालकाच्या हातात अनुदान दिलं की फी वाढायला वाव मिळतो आणि पगार जागच्या जागी राहू शकतो. पगाराला बांधलं तर गोष्ट वेगळी. न्यूझीलंडमध्ये ठरावीक वेतनश्रेणी पाळणाऱ्या केंद्रांनाच वरच्या दराचं अनुदान, असा मार्ग काढला. वॉशिंग्टन शहराने २०२२ मध्ये पगारातली तफावत भरून काढायला बालसंगोपन कर्मचाऱ्यांना थेट रकमा दिल्या. थेट रकमांच्या मार्गात एक मेख आहे: निधी दर वर्षीच्या अर्थसंकल्पात मंजूर व्हावा लागतो. कापला गेला की ताईचं उत्पन्न त्याच महिन्यात खाली येतं.

उंटावरचा शहाणा

म्हणजे मूल नसलेल्यांच्या कराचे पैसे. आणि नॅनीला त्यातलं काहीच नाही. ती काय कामगार नाही?

पगारपत्रक

हा मुद्दा मात्र रास्त. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १८९ आहे, २०११ चा. घरात थांबून हाकेची वाट बघण्याचा वेळ देशाच्या कायद्यात ठरेल तेवढा कामाचा धरावा, असं त्यात आहे. रात्री बाळाच्या खोलीत झोपणाऱ्या नॅनीला नेमके हेच तास कोणी मोजून देत नाही. करारात हमीचे तास, जादा तासांचा दर, कुटुंबाच्या सुट्टीतला पगार आणि नोटिशीचा काळ ही चार कलमं नसतील तर १२० चा दर नुसता बोलण्यापुरता.

दोन घरं मिळून एक नॅनी ठेवतात, तिथे प्रत्येकाने नेहमीच्या दराच्या दोन-तृतीयांश द्यायची पद्धत बरी पडते: घराचे पैसे वाचतात, नॅनीला १३३ टक्के मिळतात. भांडण होतं ते एक घर मधेच सोडून गेल्यावर. उरलेल्या घराने किती आठवडे पूर्ण दर द्यायचा, हे आधीच लिहून घ्यावं.

दुपटं

अनुदान पगाराला बांधताना एक बघा. फक्त सगळ्यात खालचा पगार वाढवला की खोलीप्रमुख ताई आणि नवी मदतनीस यांच्यातला फरक उरतच नाही. मग खोलीप्रमुख जबाबदारी सोडून मदतनीस होते, किंवा सरळ नॅनीचं काम धरते. बाळं तिला सरावलेली असतात, तेव्हा त्या खोलीत पुढचे कित्येक दिवस रडारड. वेतनश्रेणीत वरच्या दोन पायऱ्या पण सरकवाव्या लागतात, आणि अनुदानाच्या प्रस्तावात हा खर्च बहुतेकदा धरलेलाच नसतो.