एथिक्सच्या पेपरात एक नंबर, पण तीन खुर्च्यांवर बॅगा. मग हे सगळं वाचायचं कशाला?

उमरेड_रोड
नमस्कार मंडळी. नागपुरातच यूपीएससीची तयारी करून राहिलो, धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत बसतो. जीएसचा (सामान्य अध्ययनाचा) चौथा पेपर, म्हणजे एथिक्स, नीतिशास्त्र, २०१३ पासून आला, २५० मार्कांचा, त्यात सॉक्रेटिस प्लेटोपासून बुद्ध, गांधी, आंबेडकर सगळे आणि मग केस स्टडी, की तुम्ही कलेक्टर आहात अन् तुमच्या मेव्हण्याचं टेंडर आलं, आता काय कराल. आमच्या अभ्यासिकेत एक जण आहे, मॉक टेस्टमध्ये या पेपरात त्याचा कोणी हात धरत नाही. प्लेटोचे चारही सद्गुण तोंडपाठ, शहाणपण, धैर्य, संयम, न्याय, झोपेतून उठवलं तरी सांगेल. हाच भाऊ सकाळी सहाला शटर उघडलं की येते आणि एसीखालच्या तीन खुर्च्यांवर एक बॅग, एक पाण्याची बाटली अन् एक फाटका ॲटलास ठेवून देते. एक जागा त्याची, दोन मित्रांच्या, अन् मित्र उगवतात दहाला. मधल्या वेळात एसटीनं येणारी पोट्टी जिन्याजवळ, तिथल्या पंख्याला हवा कमी आवाज जास्त.
तसा माणूस वाईट नाही हो. नोट्स मागितल्या तर देते, मला ताप होता तेव्हा रूमवर डबा आणून दिला. म्हणूनच डोक्यात घोळून राहिलं. सॉक्रेटिस म्हणते की जाणूनबुजून कोणी वाईट वागत नाही, मग याला कळलंच नाही म्हणायचं की कळलं पण वळलं नाही? अन् एवढं वाचून जर खुर्चीसुद्धा मोकळी होत नसेल तर वाचायचं कशाला?

खामल्याचा_पोट्टा
अबे एवढा निबंध लिहिण्यापेक्षा बॅग उचल, खाली ठेव अन् बस ना. पेपर मार्कासाठी आहे, मोक्षासाठी नाही. अन् पाहून घे, तोच तुझ्या आधी सिलेक्ट होते.

निवृत्त_मास्तर
प्रश्न फार जुना आहे. प्लेटोचा मेनो नावाचा संवाद इथूनच सुरू होतो, सद्गुण शिकवता येतो का? त्यात सॉक्रेटिस थेमिस्टोक्लीसचं उदाहरण देतो. इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसला इराणी आरमाराची ज्यानं दाणादाण उडवली तो हा, अथेन्समधलं अव्वल डोकं. त्यानं आपल्या पोराला, क्लिओफँटसला, घोडेस्वारी अशी शिकवली की पोरगं घोड्यावर सरळ उभं राहून भाले फेकायचं. पण बापासारखा शहाणा, भला माणूस म्हणून त्याचं नाव कधी कोणाच्या तोंडून ऐकलंत का, असं सॉक्रेटिस विचारतो, आणि समोरचा म्हणतो, नाही बुवा. म्हणजे पैसा होता, शिकवणारे होते, पोरगंही मंद नव्हतं, तरी नेमकी तीच गोष्ट पोचली नाही.
कळतं पण वळत नाही याबद्दल मात्र मी ॲरिस्टॉटलचं ऐकेन. तो म्हणतो सॉक्रेटिसचं म्हणणं रोज डोळ्यांना दिसतं त्याच्याशी जुळत नाही. आणि वाक्यं बरोबर बोलतो म्हणजे त्याला ते उमगलं असंही धरू नका, प्यायलेला माणूसही एम्पेडोक्लीस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाच्या ओळी घडाघडा म्हणतो. न्यायाची कामं करत करत माणूस न्यायी होतो, हे त्याचं उत्तर. तरुण मुलं भूमितीत तरबेज होतात पण व्यवहारातलं शहाणपण त्यांच्याकडे नसतं कारण त्याला अनुभव लागतो, हेही त्याचंच, तेव्हा पंचविशीतल्या मुलांची यावर लेखी परीक्षा घ्यायची कल्पना त्याला कितपत रुचली असती देव जाणे. मी जन्मभर पेपर तपासले. उत्तम उत्तरं लिहिणारे आणि उत्तम माणसं, या दोन याद्यांत काही नावं सारखी निघायची, त्यापलीकडे मी काही सांगू शकत नाही.

लष्करीबागवाली
सरांचं पटलं पण अर्धंच. त्या मुलाकडे दयामाया कमी आहे असं नाही ना, डबा आणून देणारा माणूस आहे तो. त्याचा चांगुलपणा ओळखीच्या माणसापर्यंत जाते अन् तिथंच थांबते, एवढीच गोष्ट आहे. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म मध्ये पायऱ्याच लावून दिल्या आहेत, नुसती विद्या पुरत नाही, प्रज्ञा पाहिजे, नुसती प्रज्ञा पुरत नाही, शील पाहिजे, मग करुणा, अन् करुणेच्याही पुढं मैत्री. ही मैत्री म्हणजे दोस्ती नव्हे बरं का, ती जिवंत असलेल्या सगळ्यांसाठी, ओळख असो नसो. एसटीतून उतरलेला अनोळखी पोरगा त्यात येते.
अन् वाचायचं कशाला हे कोण विचारून राहिलं त्यावर पण आहे. ज्याची खुर्ची पक्की आहे तो न्यायाबद्दल वाचून जास्तीत जास्त मार्क मिळवेल. पण ज्याला बसू दिलं नाही त्याला आपल्यावर अन्याय होऊन राहिला हे सांगता येते ते वाचल्यामुळेच. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर दीक्षाभूमीवर दरवर्षी लोक येतात, परतताना पिशवीत पुस्तकं असतात, बाई डोक्यावर पोतं अन् त्या पोत्यात पुस्तकं घेऊन रेल्वेत चढताना मी पाहिली आहे, तिला जाऊन विचारा वाचून काय होते म्हणून. तुम्ही बहुतेक जिन्याजवळच बसता, हो ना?

काळा_कोट
सगळे फार खोलात गेले. साधा नियम करा, अर्धा तास माणूस नसला तर सामान काउंटरवर, वर सीसीटीव्ही. माणूस आतून सुधारायची वाट पाहत बसलो तर इथलं हायकोर्टाचं बेंच बंद करावं लागेल.

निवृत्त_मास्तर
वकीलसाहेब, कॅमेऱ्याचा मुद्दा प्लेटोच्या रिपब्लिकमधल्या ग्लॉकननं आधीच काढून ठेवलाय. गायजीसला खडा आतल्या बाजूला फिरवला की दिसेनासं करणारी अंगठी मिळाली आणि त्यानं राजाला मारून राज्य घेतलं, तशी अंगठी मिळाल्यावरही सरळ वागणारा कोण? तुमचा कॅमेरा ती अंगठी काढून घेतो एवढंच. आणि नियम राबवणार कोण? संविधान कितीही चांगलं असलं तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, हे बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आलेलंच आहे.

काळा_कोट
सर मान्य, पण त्याच माणसानं आधी संविधान लिहिलं होतं, भाषण नंतर.

निवृत्त_मास्तर
हे मात्र खरं.

उमरेड_रोड
हो ताई, जिन्याजवळच बसतो, लिहिलं नव्हतं तरी ओळखलं तुम्ही. काल हिंमत करून त्याच्याशी बोललो, म्हटलं हे बरोबर नाही, बाकीचे लांबून येतात. त्याला राग बिग काही नाही आला, खांद्यावर हात ठेवून म्हणते, अबे मग आधी सांगायचं ना, उद्यापासून तुझ्यासाठी पण ठेवतो चौथी. आता याला काय म्हणू, तोंडातून शब्दच नाही निघाला.

निवृत्त_मास्तर
हा तर पोलेमार्कस निघाला. रिपब्लिकच्या पहिल्याच भागात आहे तो, न्याय म्हणजे मित्रांचं भलं करणं आणि शत्रूंचं वाईट. तुम्हाला मित्रांत घेतलं.

लष्करीबागवाली
अन् त्याच एसटीतून उतरणारे बाकीचे?

उमरेड_रोड
तेच तर. आज तरी जिन्याजवळच बसलो. चौथ्या खुर्चीवर छत्री ठेवून होती.

खामल्याचा_पोट्टा
एक सांग, तो एसी चालू किती वाजता होते?

उमरेड_रोड
दहाला.