प्लेगचा जंतू पिसवेत आणि माणसात, दोन्हीकडे कसा तगतो?

रानजाई:
आजी सांगायची, उंदीर पडायला लागले की अख्खं गाव माळावर खोपटी घालून राहायचं. सध्या 1897 च्या पुण्यातल्या प्लेगबद्दल वाचतेय. पिसू म्हणजे कीटक, आपण गरम रक्ताचे. एकच जंतू दोन्हीकडे कसा जगतो? एकदम जमलं का त्याला हे?

पेट्रीडिश:
एकदम नाही. प्लेगचा जंतू यर्सिनिया पेस्टिस ज्यातून निपजला तो यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलॉसिस आजही आहे. दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो, ताप-पोटदुखी आणतो, बहुतेकदा तेवढ्यावरच निभावतं. पेस्टिसकडे त्याच्यापेक्षा दोन प्लास्मिड जास्त आहेत, म्हणजे डीएनएची सुटी वर्तुळं. मोठ्यावर वायएमटी हे जनुक. पिसवेच्या पोटात रक्त पचताना जे तयार होतं त्याने जंतू गोल होऊन मरतात. वायएमटीचं एन्झाइम, म्हणजे त्या जनुकावरून बनणारं प्रथिन, त्यातून वाचवतं. छोट्यावरचं पीएलए हे जनुक रक्ताच्या गुठळ्या विरघळवायला लावतं, मग चाव्याच्या जागेवरून जंतू अंगभर पसरतो.

कोकणकडा:
अख्खं जनुक असं आयतं मिळतं?

पेट्रीडिश:
मिळतं. दरवर्षी प्रॅक्टिकलला मुलांना दाखवते. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे दोन स्ट्रेन, म्हणजे वाण, प्रत्येक एकेका अँटिबायोटिकला दाद न देणारा. दोन्ही औषधं घातलेल्या प्लेटवर एकटा कुणीच उगवत नाही. आधी एका नळीत एकत्र ठेवून मग प्लेटवर पसरले, की दुसऱ्या दिवशी जंतूंच्या वसाहती हजर! एकाने दाद न देण्याचं जनुक दुसऱ्याला दिलेलं असतं. मुलं प्लेट उजेडाकडे धरून बघत राहतात. पेस्टिसच्या मोठ्या प्लास्मिडचा बराच भाग टायफॉइडच्या जंतूत सापडलेल्या एका प्लास्मिडशी जुळतो.

शिवाय पेस्टिसने काही गमावलंही, आणि मला ते तितकंच मोलाचं वाटतं. स्यूडोट्युबरक्युलॉसिसचं युरिएज, म्हणजे युरिया फोडणारं एन्झाइम, पिसवांना मारतं. पेस्टिसमध्ये युरिएजच्या एका जनुकात एक अक्षर जास्त घुसलंय, त्यामुळे ते बंद. पिसू जगली तरच पुढच्याला चावणार ना.

रानजाई:
वायएमटी कधी आलं, कळलंय का?

पेट्रीडिश:
सुमारे 5000 वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांच्या दातांतून पेस्टिसचा डीएनए मिळालाय, त्यात वायएमटी नाही. रशियातल्या समारा भागातल्या सुमारे 3800 वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत आहे. पीएलए मात्र त्या जुन्यांतही सापडतं. म्हणजे माणसाच्या अंगात पसरायची सोय आधी झाली, पिसवेच्या पोटात टिकायची नंतर.