वाळलेले दांडे छाटायचे की ठेवायचे?

मातीहात: थंडी तोंडावर आलीय. आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या बागेतली कोनफ्लॉवर, गोल्डनरॉड ही स्थानिक फुलझाडं सगळी वाळून काळी पडलीयत. नवरा म्हणतो, भूतबंगला दिसतोय, काप एकदाचं. स्थानिक झाडं हिवाळ्यात पक्ष्यांच्या उपयोगी पडतात असं ऐकलंय, पण या काटक्यांचा काय उपयोग? दाणे तर मी फीडरमध्ये (पक्ष्यांसाठी टांगलेल्या भांड्यात) घालतेच.

अर्धामाळी: कापू नका ताई. मीही पहिल्या वर्षी सगळं भुईसपाट करून पाला पिशव्यांत भरून दिला होता. पुढच्या वर्षी कंबर धरली म्हणून राहून गेलं (श्रेय मात्र मी निसर्गप्रेमाला देतो), आणि कोनफ्लॉवरच्या बोंडांवर उलटे लटकून बी उपसणारे गोल्डफिंच हे चिमुकले पक्षी पहिल्यांदा दिसले.

पण बी ही अर्धीच गोष्ट. गोल्डनरॉडच्या दांड्यावर सुपारीएवढी गाठ आहे का बघा. तिच्यात एका माशीची अळी हिवाळाभर पडून असते. डाउनी हा छोटा सुतारपक्षी नीटस भोक पाडून ती काढतो. चिकडी हा इवलासा पक्षी, तीही काढते, पण कडा पार फाडून ठेवते. भोक बघून कोण जेवून गेलं ते सांगता येतं! चिकडीचं वजन जेमतेम 11 ग्रॅम. कडाक्याच्या रात्री ती अंगाचं तापमान 10-12 अंशांनी खाली आणते, तरी दिवसभरात साठवलेली चरबी सकाळपर्यंत जवळजवळ संपते. उजाडलं की पोटाला हवंच. फीडरमध्ये दाणे मिळतील, अळ्या-कोष कुठून आणणार? ते मिळतात दांड्यांत, सालीच्या भेगांत, झाडाखालच्या पाचोळ्यात. बाहेरून आणलेली शोभेची झाडं इथल्या बहुतेक किड्यांना खाताच येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर हा साठा फारसा नसतो.

रानवाट: नंदिना हे लाल फळांचं शोभेचं झुडूप लावलं असेल तर फळं तेवढी खुडा. 2009 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात सीडर वॅक्सविंग हे फळं खाणारे पक्षी मरून पडले होते. त्यांच्या पोटात हीच फळं निघाली, त्यांत सायनाइड तयार होतं. त्यापेक्षा बेबेरीचं झुडूप लावा. तिच्या फळांवरचं मेण पिवळ्या कमरेच्या वॉर्बलर या छोट्या पक्ष्याला पचतं, त्या जोरावर तो इतर वॉर्बलरांपेक्षा बराच उत्तरेला हिवाळा काढतो.

मातीहात: नंदिना नाही, सुटले. पण नवऱ्याचं काय करू?

अर्धामाळी: वाटेच्या कडेचं तेवढं छाटा, माणसाला सगळं नेटकं वाटतं. बाकीचं चांगली ऊब आल्यावर, तेही मुळापासून नको, गुडघ्याखाली खुंट ठेवून. त्या पोकळ खुंटांत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या अंडी घालतात.

मातीहात: आत्ता टॉर्च घेऊन जाऊन आले. सात गाठी सापडल्या. एकीला भोक आहे, कडा फाटलेल्या. नवऱ्याला दाखवलं, तर आता तोच आठवी शोधतोय.