जुन्या बॉक्स्टरला नव्या मॉडेलची वापरलेली चाकं: बसवावीत की नाही?

घाटवाट

पहिल्या पिढीच्या पोर्श बॉक्स्टरला (९८६, १९९६ ते २००४) तिच्यानंतरच्या ९८७ ची वापरलेली अठरा इंची चाकं बसवू नका, असं पुण्यातल्या एका गॅरेजने माझ्या मित्राला ठणकावून सांगितलं. कारण विचारलं तर "कंपनीने त्या गाडीला दिलेली नाहीत" एवढंच. माझं मत बरोबर उलटं आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी आकड्यांनी खोडून काढावं.

मित्राच्या गाडीला मूळचीच अठरा इंची चाकं आहेत, पण त्यातली दोन आतल्या कडेला बेंड आहेत. पुण्यात गाडी खरंच चालवली तर हे होतंच. मग रस्ते तीन: तीच ठोकून सरळ करायची, बाजारातली नवी नक्कल घ्यायची, किंवा ९८७ वरून निघालेली अस्सल चाकं घ्यायची. तिसरा रस्ता मला सगळ्यात सुरक्षित वाटतो. पीसीडी, म्हणजे बोल्टांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, दोन्ही गाड्यांचा ५×१३०, हबचं भोक ७१.६ मिमी, बोल्ट एम १४×१.५. शिवाय पोर्शच्या बोल्टचं बूड गोलाकार असतं आणि चाकातली खोबणही तशीच. नकली चाकांत बऱ्याचदा शंकूच्या आकाराची खोबण असते. तिथे गोल बुडाचा बोल्ट जेमतेम एका रेघेवर टेकतो, आणि हे बाहेरून दिसत नाही.

आता मापं (जे म्हणजे इंचांतली रुंदी; ईटी म्हणजे ऑफसेट, हबला टेकणारा भाग चाकाच्या मधल्या रेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते; ईटी जितका जास्त तितकं चाक आत). ९८६ चं अठरा इंची चाक पुढे ७.५जे ईटी ५०, मागे ९जे ईटी ५२. ९८७ चं पुढे ८जे ईटी ५७, मागे ९जे ईटी ४३. म्हणजे मागचं चाक ९ मिमी बाहेर येतं, बस्स. पुढचं चाक बाहेरून जवळजवळ जिथल्या तिथे राहतं आणि आतल्या बाजूला साधारण १३ मिमी सरकतं. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून, चाक कुठे लागत नाही ना हे पाहिलं की झालं.

फक्त एक करू नका: चाकांबरोबर आलेले टायर वापरू नका. ९८७ ला मागे २६५/४० (रुंदी २६५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ४० टक्के) येतो, ९८६ ला २६५/३५. व्यासात २६ मिमीहून जास्त फरक पडतो, म्हणजे ४ टक्के. पुढे २३५/४० लावला तर तिथे जेमतेम सव्वा टक्का वाढ. ज्या गाडीत पीएसएम (गाडी घसरू न देणारी पोर्शची यंत्रणा) आहे ती चारही चाकांचा वेग सतत ताडून बघते. पुढचं आणि मागचं प्रमाण असं बिघडवून तिच्याकडून नीट वागण्याची अपेक्षा करू नये.

सहकारनगर

पूर्ण सहमत. माझ्याही मते अस्सल जुनं हे नकली नव्यापेक्षा केव्हाही बरं. आणि ९८७ ची चाकं त्या गाडीवर दिसतातही सुरेख, हे सांगायला लाजायचं कारण नाही.

मिलिमीटर

घाटवाट, गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. तुम्ही "बसतं का" एवढंच मोजलंत. "गाडी कशी वळते" हे मोजलं नाहीत.

पुढे ऑफसेट ५० चा ५७ झाला, म्हणजे प्रत्येक चाकाची मधली रेषा ७ मिमी आत गेली. दोन्ही बाजू मिळून पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १४ मिमीने अरुंद. मागे ५२ चा ४३, म्हणजे ट्रॅक १८ मिमीने रुंद. पुढे अरुंद आणि मागे रुंद केलं की वळणात पुढच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार जातो आणि मागची पकड वाढते. गाडी नाक बाहेर काढायला लागते, म्हणजे हवी तितकी वळत नाही. बॉक्स्टरचं इंजिन मध्ये आहे, तिचं सगळं सुख पुढच्या चाकांच्या अचूकपणात आहे. ताम्हिणीत उताराच्या वळणात स्टिअरिंग थोडं जास्त फिरवावं लागतंय असं जाणवलं, तर ते याच बदलामुळे असेल.

९८७ ला हे ऑफसेट दिले ते तिच्या सस्पेन्शनला आणि तिच्या टायरांना धरून. तुम्ही चाकं घेताय, पण ज्या हिशोबात ती बसतात तो हिशोब मागेच सोडताय.

आणि इथे कोणीतरी आता "स्पेसर टाका" म्हणेल (स्पेसर म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती), म्हणून आधीच सांगतो. पुढे ७ मिमीचा स्पेसर टाकून जुनेच बोल्ट वापरले, तर दीड मिमीच्या पिचला (दोन आट्यांमधलं अंतर) साडेचार आट्यांची पकड कमी होते. लोक हे करतात. मी अशी गाडी बघितली आहे, मालकाला पत्ताच नव्हता.

घाटवाट

मिलिमीटर, ट्रॅकचा मुद्दा मान्य, त्याचं वजनही मान्य. पण स्पेसर म्हणजे पाप असं समजायचं कारण नाही. २००४ मध्ये पोर्शनेच ५५० स्पायडर या जुन्या रेसिंग गाडीच्या पन्नाशीनिमित्त काढलेल्या बॉक्स्टर एसला (१९५३ गाड्यांची आवृत्ती) ५ मिमीचे स्पेसर लावून ट्रॅक रुंद केला होता. प्रश्न स्पेसरचा नाही, कसा आणि कोणत्या बोल्टांनी लावला याचा आहे. ७ मिमीला ७ मिमी लांब बोल्ट, गोल बुडाचेच, टॉर्क पान्याने १३० न्यूटन-मीटर. हवेच्या गनने धडाधड आवळणाऱ्याकडे ही गाडी नेऊच नये.

पुढे ७ मिमी टाकले की ८जे चाक ईटी ५० वर येतं. मधली रेषा मूळ जागी, दोन्ही कडा सहा-सव्वासहा मिमी रुंद. वर २२५/४० टायर ८जे वर व्यवस्थित बसतो.

भोसरी वर्कशॉप

ऑफसेटवर भांडताय ते ठीक, पण मला धास्ती दुसऱ्याच गोष्टीची आहे. वापरलेलं चाक आधी काय सोसून आलंय?

माझ्याकडे मशीनिंगचं काम आहे, चाकं तपासायला येतात. अलीकडेच एक सेट आला, अस्सल, मागच्या बाजूला सगळे शिक्के जागेवर, ताजी चकाचक पावडर कोटिंग. हबच्या मापाच्या फिक्स्चरवर चढवलं, आतल्या बीडच्या जागी (जिथे टायरची कड बसते) डायल गेज (काट्याचं मापयंत्र) लावला आणि हाताने हळू फिरवलं. तीन चाकं छान. चौथ्याला काटा एका ठिकाणी झटकन उडी मारून परत यायचा. गोलाई हळूहळू गेली असेल तर काटा संथ चढतो-उतरतो. अशी उडी म्हणजे एका जागी बसलेला फटका. तिथलं कोटिंग काढलं, साफ केलं, लाल पेनिट्रंट (भेगेत शिरणारा रंग) मारून मुरू दिलं, पुसलं, वर पांढरा डेव्हलपर (भेगेतला रंग वर ओढणारा थर). बघता बघता पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटली, आतल्या कडेपासून स्पोकच्या पाठीकडे जाणारी. गिऱ्हाइकाने बाहेरून कितीही वेळ बघितलं असतं तरी ती दिसली नसती.

आणि पावडर कोटिंगचं एक. भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर असते. या ओतीव मिश्रधातूला ताकद येते ती त्याहून कमी तापमानाला मुरवून. भट्टीत गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं, किंवा दोन-तीनदा कोटिंग झालं, तर ती ताकद उतरायला लागते. म्हणून वापरलेलं चाक जितकं जास्त चकचकीत, तितका माझा संशय जास्त. ओरखडे असलेलं, मूळ रंगाचं चाक मी आनंदाने घेईन.

नाना पेठेतून घ्या, ऑनलाइन घ्या, मुंबईहून आणा. टायर चढवायच्या आधी तपासा एवढंच म्हणणं आहे.

वनाज कॉर्नर

तांत्रिक बाजू वाचली, पण कायद्याचं कोणीच बोललं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला, निर्मात्याने ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-ए (४) प्रत्येक बेकायदा फेरफारामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं म्हणतं. उद्या एक्सप्रेसवेवर अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेयरने विचारलं की ही चाकं आणि स्पेसर कुठून आले, तर काय दाखवणार?

मी चाकांच्या विरोधात नाही. विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. ते न करता बसवू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

सहकारनगर

वनाज कॉर्नर, ९८६ ला अठरा इंच हा कंपनीचाच पर्याय होता. त्याच कंपनीची, त्याच व्यासाची चाकं, टायरचं मापही तेच. यात फेरफार कुठला?

वनाज कॉर्नर

व्यासाबद्दल तुमचं बरोबर. ऑफसेट आणि स्पेसर त्या पर्यायात नव्हते. रस्त्यावर कोणी हटकणार नाही हे मलाही माहीत आहे, पण विम्याचा दावा रस्त्यावर निकालात निघत नाही, कागदावर निघतो.

मेघना

सगळ्यांचं वाचून एकच विचारावंसं वाटतं: अठराच का? याच गाडीला सतरा इंची चाकंही कंपनीनेच दिली होती, पुढे २०५/५०, मागे २५५/४०. टायरची भिंत दोन्हीकडे साधारण १०२ मिमी. अठराच्या टायरला पुढे ९०, मागे ९३ च्या आसपास. ते दहा-बारा मिमी रबर म्हणजेच खड्ड्यात रिम वाचवणारी गोष्ट. घाटवाट स्वतःच लिहितात की मूळ चाकं आतून बेंड झाली. मग त्याच मापाची, दुसऱ्या कोणीतरी वापरलेली चाकं आणून उपयोग काय?

आमच्या घरी ही गाडी सतरावर आहे. कात्रजचा जुना घाट असो की सिंहगड रस्त्याचे रंग न मारलेले स्पीडब्रेकर, चाकं सरळ आहेत. स्टिअरिंग हलकं आणि बोलकं आहे. रुंद टायरने पकड वाढते, पण पुण्यातल्या वेगाला ती पकड लागते कुठे? आणि वीस वर्षांची गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी राखण्यात मला खरा आनंद आहे. अशा गाड्या आता मोजक्या उरल्यात. प्रत्येकाने एकेक भाग पुढच्या मॉडेलचा लावला तर ९८६ म्हणून बघायला काय राहील?

मिलिमीटर

मेघनाताईंना शंभर टक्के पाठिंबा. हीच गोष्ट मी सुरुवातीलाच मांडायला हवी होती इतकी ती नेमकी आहे.

घाटवाट

मेघनाताई, रबराच्या भिंतीचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर वाद घालणार नाही. पण "जशी निघाली तशी" याला मर्यादा आहे. अस्सल सतरा इंची सेट सरळ स्थितीत मिळाला तर मित्राने आधी तोच घ्यावा, हे मी त्याला सांगेन. न मिळाला तर? बेंड रिम हातोड्याने सरळ करून घेणं मला धोक्याचं वाटतं, विशेषतः गार धातूवर ठोकणं. गाडी झाकून ठेवण्यापेक्षा पुढच्या पिढीच्या, तपासलेल्या चाकांवर ती दर रविवारी घाटात जावी, हे मला जास्त पटतं. चाकं परत बदलता येतात. मूळ चारही जपून माळ्यावर ठेवावीत, विकू नयेत.

मिलिमीटर, एक प्रश्न राहतो. पुढे ७ मिमी टाकून पुढचा ट्रॅक मूळ जागी आणला, तरी मागे १८ मिमी जास्त राहतातच. त्यावर तुमचं काय?

मिलिमीटर

तिथेच माझा विरोध कायम आहे. मागचं कमी करता येत नाही, म्हणून पुढे आणखी बाहेर काढायचं तर १५-१६ मिमी स्पेसर लागतील. मग चाकाची रेषा मूळ जागेच्याही बाहेर जाते, बेअरिंगवर तरफ वाढते आणि पुढच्या मडगार्डच्या कडेला टायर घासायची शक्यता येते. ७ वर थांबायचं असेल तर थांबा, पण गाडी मूळपेक्षा थोडी सुस्त वळेल हे मित्राला आधी सांगा. चाकं बदलून वर "काही फरक नाही" म्हणणं मला चालत नाही.

घाटवाट

सांगतो. सतरा इंचीचा शोध आधी, हेही सांगतो. दरम्यान ९८७ चा एक सेट बघून ठेवलाय, मूळ रंगाचा, कोटिंग न केलेला. भोसरी वर्कशॉप, तुमच्याकडे तपासायला आणला तर चालेल का?

भोसरी वर्कशॉप

आणा. पैसे देण्याआधी आणा, विकणाऱ्यालाही सोबत घेऊन या. आणि टायर उतरवून आणा, टायर चढलेला असेल तर बीडची जागा दिसत नाही आणि गेजही लावता येत नाही.