कोकमाचं तेल टाचांना लावतात ते तोंडाला पण चालतंय काय?

शहापूरची लेक
थंडी पडली की माझ्या टाचा फुटतात, यंदा तर चालताना कळ येते. कणकुंबीच्या मावशीनं कोकमाच्या तेलाचा गोळा दिलाय, पिवळट पांढरा, मेणासारखा कडक, नखानं खरवडूनच घ्यावा लागतो. लावल्यापासून फरक आहे. पण हेच ऑनलाईन कोकम बटर म्हणून भारी भावात विकालेत, सुरकुत्या जातात डाग जातात म्हणून लिहालेत, ते खरं काय? आणि आपल्याकडं हे किती जुनं आहे, कुणाला माहीत असलं तर सांगा की.

घाटमाथा
ताई, मावशीचा गोळा सोडू नका, त्यामागं लई राबणूक असते. एप्रिल-मेत फळं पिकली की सालीची आमसुलं करतात आणि बिया धुऊन वाळवून ठेवतात, मग सवड मिळाली की टरफल काढून आतला गर कुटायचा, पाण्यात घालून रटरटा उकळायचा, वर तवंग धरतो तो अलगद काढायचा आणि गार होत आला की हातानं गोळा वळायचा. बियांच्या वजनाच्या पाव हिस्सा तेल मिळालं तरी खूप. कोकणात मुठेल, गोव्याकडं भिरंडेल, शिर्सीकडं मुरुगल तुप्प, तिकडं तर जेवणात पण घालतात.

जुनं किती म्हणाल तर गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं 1563 साली गोव्यात छापलेल्या पुस्तकात ह्या फळाबद्दल लिहिलंय. तेलाची नोंद फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांच्या 1874 च्या लंडनच्या औषधी ग्रंथात आहे. आपल्या घाटातल्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून करत असणार, त्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही एवढंच.

औषधवाला बेळगाव
वरचं बरोबर. ह्यात मुख्य स्टिअरिक आणि ओलेइक ही दोन आम्लं, वितळायला 38 ते 40 अंश लागतात, म्हणून हातावर चोळल्याशिवाय पघळत नाही आणि टाचेवर जाड थर टिकून राहतो. तो थर कातडीतलं पाणी उडू देत नाही, खरा फायदा तोच. म्हणून कोरड्या टाचेवर नुसतं फासू नका, कोमट पाण्यात पाय बुडवून वजरीनं हलकं घासा, ओल असतानाच लावा आणि मोजे घालून झोपा.

सुरकुत्या-डागांचं मला पटत नाही. गार्सिनॉल, हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल वगैरे जी नावं जाहिरातीत टाकतात ती सालीत असतात, हे तेल बीच्या गराचं. ओठांना आणि कोरड्या गालाला बिनधास्त लावा, पण तेलकट चेहरा असला, पिंपल्स येत असतील तर नको. भेगेतून रक्त किंवा पू येत असला, किंवा शुगर असली, तर आधी डॉक्टरला दाखवा.

शहापूरची लेक
थँक्यू दोघांनाबी. शुगर नाही. पण थंडीत गोळा इतका घट्ट होतो की सकाळी घाईत खरवडत बसायला होत नाही.

घाटमाथा
वाटीत खरवडून ती वाटी गरम पाण्यात ठेवा, पघळलं की तेवढंच खोबरेल मिसळा आणि डबीत ओता, मऊ राहतंय. डबी कोरडी पाहिजे बघा, आणि खवट वास आला तर टाकून द्या.